चुंबकच नाही, तरी शुक्र-मंगळासमोर बो शॉक कसा काय बनतो?

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मधूनच वाचायला येणाऱ्यालाही कळेल. विचारणारे आपल्या नागपूरचेच आहेत, बीएस्सी करून राहिले, आणि त्यांचं म्हणणं असं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याला (सूर्यातून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाला) अडवतं आणि त्याच्या पुढे बो शॉक, म्हणजे वारा जिथे एकदम हळू, दाट आणि गरम होतो ती कमानीसारखी पातळ भिंत, उभा राहतो इथपर्यंत समजलं, पण शुक्राला असं क्षेत्र नाही, मंगळाचं कधीच विझलं, मग तिथे सौरवारा सरळ ग्रहावर आदळायला पाहिजे ना? तरी प्रत्येक पुस्तकात तिथेही बो शॉक काढलेला असतो. आणि वरून सौरवाऱ्यातले कण एकमेकांना धडकतच नाहीत म्हणतात, तर मग शॉक मुळात बनतोच कसा?

भाऊ, प्रश्न एकदम बरोबर जागी आहे, फक्त यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पहिला, वाऱ्याला अडवतं कोण. दुसरा, धडक न होता शॉक कसा. मी इथेच फिजिक्स शिकवतो आणि बरीच वर्षं मंगळाभोवतीच्या प्लाझ्माचा (विद्युतभारित कणांच्या वायूचा) डेटा आणि सिम्युलेशन यातच गेलीत, त्यामुळे जे सांगतो ते त्या बाजूने सांगतो, कोणी खगोलवाला सूर्याकडून सुरुवात करेल, मी ग्रहाकडून करतो.

सुरुवात शुक्रापासून नको, चंद्रापासून करू. चंद्राला पूर्ण ग्रहाएवढं चुंबकीय क्षेत्र नाही, आणि वातावरण म्हणावं असं वातावरणही नाही. तिथे काय होतं? वारा सरळ जमिनीवर येऊन पडतो, बहुतेक कण मातीतच मुरतात, आणि चंद्राच्या मागे एक रिकामी पोकळी तयार होते. समोर बो शॉक नाही. १९६७ मध्ये एक्सप्लोरर-३५ चंद्राभोवती फिरलं तेव्हाच हे दिसलं होतं. आपल्या चांद्रयान-१ वरच्या सारा या उपकरणाने नंतर यात एक मजेदार भर घातली, की सगळेच प्रोटॉन मुरत नाहीत, २० टक्क्यांपर्यंत प्रोटॉन जमिनीवरून इलेक्ट्रॉन उचलून हायड्रोजनचे अणू होऊन परत उडतात. पण उडालेले अणू न्यूट्रल, त्यांना वाऱ्याच्या फील्डशी काही देणंघेणं नाही, ते वाऱ्याला थांबवत नाहीत. म्हणजे तुम्ही जे म्हणता, 'क्षेत्र नाही म्हणजे थेट आदळणार', ते चंद्राच्या बाबतीत खरंच आहे. मग शुक्रात आणि चंद्रात फरक कशाचा? फक्त वातावरणाचा. तिथेच उत्तर आहे.

वातावरणाचा दाब वाऱ्याला अडवतो असं मात्र समजू नका, निदान सरळ अर्थाने नाही. सूर्याचे अतिनील किरण वरच्या थरातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन काढून टाकतात, म्हणून दिवसाच्या बाजूला आयनोस्फिअर तयार होतं. शुक्रावर सगळ्यात दाट थर १४० किलोमीटरच्या आसपास, मंगळावर १३० च्या आसपास, आणि एका घनसेंटिमीटरमध्ये लाखाच्या घरात इलेक्ट्रॉन. आता हे आयनोस्फिअर म्हणजे वीज वाहून नेणारा गोळाच झाला. आणि सौरवारा नुसते कण घेऊन येत नाही, सूर्याचं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन येतो, ते त्या प्लाझ्मात गोठल्यासारखं बसलेलं असतं, प्लाझ्मा जाईल तिकडे ते जाणार. चांगल्या वाहकासमोर बदलतं चुंबकीय क्षेत्र आलं की काय होतं ते तुम्ही बारावीत शिकलात, लेन्झचा नियम, वाहकात करंट वाहायला लागतात आणि ते करंट बाहेरच्या क्षेत्राला आत यायला विरोध करतात. इथे तेच, फक्त वाहक हजारो किलोमीटरचा.

त्यामुळे होतं असं की फील्डलाइन्स (चुंबकीय बलरेषा) ग्रहासमोर येऊन अडकतात, मागून नवीन येतच राहतात, दाटी वाढते, बाजूंनी त्या ग्रहाला गुंडाळून मागे ताणल्या जातात आणि मागे लांब शेपूट तयार होते. या दाटीच्या भागाला मॅग्नेटिक बॅरियर म्हणतात. म्हणजे ग्रहाकडे स्वतःचं क्षेत्र नाही, तर तो वाऱ्याचंच क्षेत्र वाऱ्याच्या विरोधात उभं करतो. या सगळ्या रचनेला इंड्यूस्ड मॅग्नेटोस्फिअर म्हणतात आणि माझ्या मते शिकवताना 'चुंबकीय क्षेत्र नसलेला ग्रह' हे लेबल निम्मा घोळ करतं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं तिथे क्षेत्रच नाही. क्षेत्र आहे, फक्त ग्रहाच्या पोटातून आलेलं नाही.

आता हे खरंच पुरेसं आहे का ते आकड्यात पाहू, नाहीतर सगळं हवेतच राहील. पृथ्वीपाशी वाऱ्याचा वेग साधारण ४०० किलोमीटर प्रति सेकंद, घनता एका घनसेंटिमीटरमध्ये ५ च्या आसपास प्रोटॉन. घनता गुणिले वेगाचा वर्ग केला तर दाब येतो १.३ नॅनोपास्कल. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब १ लाख पास्कल, म्हणजे वाऱ्याचा दाब त्याच्या तुलनेत काहीच नाही. शुक्र सूर्याच्या जवळ, ०.७२ खगोलीय एककांवर (सूर्य-पृथ्वी अंतर म्हणजे १), तिथे घनता साधारण दुप्पट, म्हणजे दाब अडीच-तीन नॅनोपास्कल, कधी चारच्या वर. ४ नॅनोपास्कल पेलायला किती क्षेत्र लागेल? चुंबकीय क्षेत्राचा दाब म्हणजे क्षेत्र बी, त्या बीचा वर्ग भागिले दोन म्यू-नॉट (निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक), उत्तर येतं १०० नॅनोटेस्ला. पृथ्वीच्या पृष्ठभागावर २५ ते ६५ हजार नॅनोटेस्ला असतं. म्हणजे अडवायला लागणारं क्षेत्र फार मोठं नाहीच, आणि शुक्राच्या बॅरियरमध्ये यानांनी मोजलेलं क्षेत्र याच घरातलं आहे. बॅरियर बाहेरून वाऱ्याचा दाब पेलतो, आणि बॅरियरला आतून आयनोस्फिअरचा गरम प्लाझ्मा पेलतो.

अडवणारा कोण ते झालं. आता शॉक.

अडथळा आहे म्हणून शॉक होतोच असं नाही. वारा हळू असता तर अडथळ्याची खबर लाटांमधून मागे पोचली असती आणि वारा आधीच बाजूला वळला असता, शांतपणे. प्लाझ्मात ही खबर नेणारी सगळ्यात वेगवान लाट म्हणजे फास्ट मॅग्नेटोसॉनिक वेव्ह, दाब आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही मिळून चालवतात ती, आणि तिचा वेग पृथ्वीपाशी साधारण ६० ते ८० किलोमीटर प्रति सेकंद. वारा ४०० ने येऊन राहिला. लाट उलटी जाऊच शकत नाही, वारा तिला परत ओढून आणतो. मग सगळा बदल एका पातळ जागेत एकदम व्हावा लागतो, तिथे वेग पडतो, घनता वाढते, तापमान वाढतं, आणि त्यानंतर हळू झालेला प्लाझ्मा अडथळ्याच्या बाजूने वळून जातो. पावसाळ्यात अंबाझरी तलावाच्या ओव्हरफ्लोखाली पाणी वेगाने पातळ थरात जात असतं तिथे एखादा दगड असेल तर पाहा, दगडाला लागायच्या आधीच, थोडं अलीकडे, पाणी उसळून एक कमान धरतं. कमान दगडापासून लांब असते हे महत्त्वाचं. पण ही उपमा इथेच सोडा, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना धडकतात आणि आपल्या वाऱ्याची तर मुख्य भानगडच ही आहे की ते धडकत नाहीत.

किती धडकत नाहीत? सौरवाऱ्यातल्या प्रोटॉनला दुसऱ्या कणाशी नीट टक्कर व्हायला साधारण सूर्य-पृथ्वी अंतराएवढा, म्हणजे १५ कोटी किलोमीटरच्या आसपासचा, प्रवास लागतो. आणि शॉकची मुख्य भिंत किती जाड? काही दहा ते फार तर शे-दीडशे किलोमीटर. म्हणजे भिंत ओलांडताना प्रोटॉन कोणालाही धडकत नाही. साठच्या दशकात असा शॉक असू शकतो का यावर शंका होतीच, मग १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेल्या इम्प-१ उपग्रहाने पृथ्वीसमोरचा शॉक मोजून दाखवला आणि वाद संपला.

धडकेचं काम इथे फील्ड करतं. भिंतीपाशी चुंबकीय क्षेत्र एकदम वाढतं. इलेक्ट्रॉन हलके, ते क्षेत्राला लगेच चिकटून वागतात. प्रोटॉन जड, त्यांची घोडदौड चालूच राहते, ते थोडे पुढे घुसतात. दोघांत फारकत झाली की इलेक्ट्रिक फील्ड तयार होतं, आणि त्याची दिशा अशी की येणाऱ्या प्रोटॉनला ब्रेक लागतो. ४०० च्या वेगाने येणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा साधारण ८४० इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यातली बरीच या चढावर खर्च होते. काही प्रोटॉनना हा चढ जमतच नाही, ते मागे फेकले जातात, पण मागे वाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र आहे, ते त्यांना गोल वळवून परत शॉककडे आणतं, आणि या फेऱ्यात ते वाऱ्याच्या इलेक्ट्रिक फील्डमधून ऊर्जा कमावतात, मग दुसऱ्या वेळी पार होतात. आता पलीकडे पाहिलं तर एका दिशेने एका वेगाने येणारी सरळ धार राहिलेली नाही, वेगवेगळ्या वेगांची, फिरणाऱ्या कणांची गर्दी आहे. मोजमापाला तीच 'गरम' दिसते. म्हणजे एन्ट्रॉपी टक्करीने वाढली नाही, गिरक्या आणि लाटांनी वाढवली. ज्यांना संभाव्यता आणि व्लासॉव्ह समीकरण येतं त्यांना यात अजून बरंच खोदता येईल, इथे तेवढं पुरे.

मात्र हे सगळं नीट तेव्हाच दिसतं जेव्हा वाऱ्याचं क्षेत्र शॉकच्या पृष्ठभागाला बऱ्यापैकी समांतर असतं. क्षेत्र शॉकमधून आरपार जाणारं असेल तर परावर्तित कण फील्डलाइन धरून सरळ सूर्याच्या दिशेने लांब निघून जातात, वाटेत लाटा उठवतात, आणि भिंत अशी राहतच नाही, हजारो किलोमीटरचा खळबळाट राहतो. एकाच वेळी ग्रहाच्या एका बाजूला स्वच्छ शॉक आणि दुसऱ्या बाजूला हा गोंधळ, असं नेहमीच असतं.

शॉक उभा कुठे राहतो? एक जुना आणि अजूनही कामाचा हिशोब आहे: अडथळ्यापासून शॉकपर्यंतचं अंतर म्हणजे १.१ गुणिले घनतेचं गुणोत्तर (शॉकआधीची भागिले शॉकनंतरची) गुणिले अडथळ्याचं केंद्रापासूनचं अंतर. जोरदार शॉकमध्ये घनता जास्तीत जास्त ४ पट होते, म्हणजे १.१ भागिले ४, ०.२७५. पृथ्वीचा अडथळा १० त्रिज्यांवर, शॉक येतो पावणेतेराच्या आसपास. मंगळाचा अडथळा सव्वा त्रिज्येच्या जवळपास, शॉक १.६ वर. शुक्राचा आयनोस्फिअरचा काठ समोरून साधारण ३०० किलोमीटर वर, म्हणजे १.०५ त्रिज्या, शॉक १.३४ वर. यानांनी मोजलेले आकडे याला धरूनच येतात, शुक्राचे १.३ ते १.५ मध्ये फिरतात. गंमत पाहा, किलोमीटरमध्ये काढलं तर शुक्राचा आणि मंगळाचा दोन्ही शॉक जमिनीपासून साधारण २००० किलोमीटरवरच पडतात, पृथ्वीचा मात्र केंद्रापासून ८० हजाराच्या पुढे. स्वतःचं क्षेत्र असल्या-नसल्याने खरा फरक हा पडतो, शॉक किती लांब आणि अडथळा किती मोठा. शॉक असण्या-नसण्याचा फरक त्याने पडत नाही.

आता 'परिस्थितीवर अवलंबून' वाला भाग, आणि तो इथे लहान नाही.

पहिलं म्हणजे सूर्य किती तापलाय. सौरचक्राच्या शिखरावर अतिनील किरण जास्त, आयनोस्फिअर फुगतं, शुक्राचा शॉक बाहेर सरकतो, पायोनियर व्हीनस यानाने १९७८ पासून १९९२ पर्यंत हे सलग पाहिलं. शिखर नसेल तर शुक्राचं आयनोस्फिअरसुद्धा वाऱ्याला पूर्ण पेलू शकत नाही, मग क्षेत्र त्याच्या आत घुसतं. मंगळावर तर हे बऱ्याच वेळा असंच असतं, तिथलं आयनोस्फिअर दाबाच्या मानाने अशक्त. दुसरं, मंगळाची कक्षा चांगलीच लंबगोल, १.३८ ते १.६७ खगोलीय एकक. सूर्याजवळ आला की वाऱ्याचा दाब वाढतो, त्याने शॉक आत यायला पाहिजे, पण अतिनील किरणही वाढतात, त्याने बाहेर जायला पाहिजे. जिंकतं कोण? मोजमापात शॉक बाहेर गेलेला दिसतो. हे गणित करायच्या आधी कोणी छातीठोक सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

तिसरं, मंगळाला अगदीच चुंबक नाही असंही नाही. १९९७ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेअर पोचलं आणि कळलं की कवचाच्या जुन्या खडकांत चुंबकत्व शिल्लक आहे, मुख्यतः दक्षिण गोलार्धात. तो भाग सूर्यासमोर आला की अडथळा तिथे थोडा उचलला जातो. म्हणून शुक्र आणि मंगळ एकाच खान्यात टाकताना मी जरा सावध राहतो.

चौथं माझं आवडतं आहे. मंगळापाशी क्षेत्र साधारण ३ नॅनोटेस्ला. ४०० च्या वेगाचा प्रोटॉन या क्षेत्रात किती मोठं वर्तुळ मारेल? त्रिज्या येते जवळपास १४०० किलोमीटर. मंगळाची स्वतःची त्रिज्या ३३९० किलोमीटर! आणि शॉक ते बॅरियर मधली जागा त्याहून लहान. म्हणजे शॉकवर गिरकी सुरू केलेला प्रोटॉन ती पूर्ण करायच्या आधीच अडथळ्यावर येतो, गरम व्हायला त्याला जागाच नाही. ऑक्सिजनच्या आयनाची गिरकी तर १६ पट, २२ हजार किलोमीटर, ती मंगळाच्या मापात बसतच नाही. म्हणून प्लाझ्माला द्रव समजून लिहिलेले एमएचडी कोड शॉकची जागा बरी देतात पण कणांचं वागणं चुकवतात, आणि आम्ही हायब्रिड कोड चालवतो, त्यात आयन एकेक कण म्हणून आणि इलेक्ट्रॉन द्रव म्हणून. असल्या रनमध्ये मंगळाचा शॉक कधीच सममित येत नाही, वाऱ्याच्या इलेक्ट्रिक फील्डच्या दिशेला एक बाजू वेगळी दिसते. पुस्तकातलं ते गुळगुळीत वक्र म्हणजे हजारो क्रॉसिंगची (यानाने शॉक ओलांडल्याच्या नोंदींची) सरासरी असते, त्या क्षणी तिथे तसं काही उभं असेलच असं नाही.

पाचवं पटकन सांगतो. मंगळाभोवतीचा हलका हायड्रोजन शॉकच्याही बाहेरपर्यंत पसरलेला आहे, तिथे तो आयन झाला की वारा त्याला उचलून नेतो आणि स्वतः थोडा जड, थोडा हळू होतो. मंगळावर हा परिणाम लहान, धूमकेतूवर मात्र सगळा खेळ यानेच होतो. १९८६ च्या मार्चमध्ये जिओटो यान हॅलेच्या धूमकेतूकडे गेलं तेव्हा शॉक ११ लाख किलोमीटरच्या आसपास सापडला, आणि हॅलेचं केंद्रक जेमतेम १५ किलोमीटर लांब. चुंबक नाही, गुरुत्वाकर्षण जवळपास नाही, नुसता गॅस.

आता डेटात हे कसं ओळखतात, कारण तुम्ही पुढे याच विषयात प्रोजेक्ट करायचं म्हणता. नासाचं मॅव्हेन यान २०१४ च्या सप्टेंबरपासून मंगळाभोवती होतं, आपलं मंगळयान पोचलं त्याच आठवड्यात, आणि त्याचा डेटा सगळ्यांना खुला आहे. मी मुलांना आधी फक्त मॅग्नेटोमीटर पाहायला सांगतो. ३ नॅनोटेस्लावर शांत चाललेली रेघ एकदम ८-१० वर उडी मारून थरथरायला लागली की शंका घ्या. मग आयनांचा स्पेक्ट्रम पाहा, १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली असलेली बारीक पट्टी त्याच क्षणी रुंद होते का. मग इलेक्ट्रॉन, ते गरम झाले का. तिन्ही एकाच वेळी झालं तर क्रॉसिंग. फक्त मॅग्नेटोमीटरवर विसंबून नोंद करू नका, वाऱ्यात स्वतःच्याही उड्या असतात, त्या हुबेहूब शॉकसारख्या दिसतात.

अडचण एक राहतेच. एकाच यानाचा डेटा असला की शॉक त्याच्या अंगावरून गेला की यान शॉकमधून गेलं हे त्याला कळत नाही. दोन मिनिटांत तीन-चार उड्या दिसल्या तर बहुधा शॉकच पुढे-मागे झुलत होता. आणि यान आत गेलं की बाहेरचा वारा कसा आहे हे सांगणारं बहुतेक वेळा कोणी नसतं. पृथ्वीला ही सोय आहे, १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला असलेल्या एल-१ बिंदूपाशी आदित्य-एल१ सारखी यानं बसलीत, ४०० च्या वेगाने येणारा वारा तासभर आधी कळतो. मंगळावर आत जाताना जो वारा पाहिला तोच बाहेर येईपर्यंत होता असं धरून चालावं लागतं, आणि ते दरवेळी खरं नसतं.

सुरुवात करायला मी एक तारीख सुचवतो, २६ डिसेंबर २०२२. त्या दिवशी मंगळापाशी वाऱ्याची घनता जवळपास १०० पट पडली, वेगवान प्रवाह पुढच्या हळू प्रवाहाला जाऊन भिडला आणि मागे विरळ जागा सोडून गेला म्हणून. दाबच गेला तर अडथळा फुगणारच, आयनोस्फिअरसकट सगळं हजारो किलोमीटर बाहेर गेलं आणि शॉकही गेला. आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस एकाखाली एक लावा. दाब १०० पट कमी म्हणजे अडथळा किती सरकायला पाहिजे हे स्वतः काढा, पृथ्वीसारखं द्विध्रुवी क्षेत्र असतं तर सहाव्या मुळाचा नियम (अंतर दाबाच्या सहाव्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात) लागला असता आणि अंतर जेमतेम दुपटीच्या थोडं वर गेलं असतं, इथे तो नियम लागू नाही, मग कोणता लागतो ते आयनोस्फिअरच्या उंचीनुसार दाब कसा पडतो त्यावरून ठरेल.

कोणी खाली लिहीलच की चुंबक गेलं म्हणून मंगळाचं वातावरण गेलं. वारा तिथून आयन नेतो हे खरं, मॅव्हेनच्या टीमने २०१५ मध्ये सेकंदाला साधारण १०० ग्रॅमचा आकडा दिला होता, पण शुक्रालाही चुंबक नाही आणि त्याचं वातावरण आपल्या ९० पट जड आहे, आणि पृथ्वी तर ध्रुवांवरून आयन घालवतच असते. तो वेगळा आणि अजून न सुटलेला वाद आहे, हवा असेल तर वेगळा प्रश्न टाका.

प्लॉट काढून अडलात तर तारीख, वेळ आणि तिन्ही उपकरणांचे चार्ट एकत्र टाका, नुसता मॅग्नेटोमीटरचा स्क्रीनशॉट पाहून मी काही सांगणार नाही.